आलेले पाणी जाते कुठे?

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाख संपत आला होता. एकाच गावाहून आठवड्याभरात काविळीचे सात रुग्ण दवाखान्यात आले. गाव दीड हजार वस्तीचे, तालुक्यापासून तासाभराच्या अंतरावर. सातांपैकी एक बाई सात महिन्यांची गरोदर होती. तिचे पिवळे डोळे पाहताच मी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. नवव्या दिवशी ती गेली. पोटातले मूलही गेले.

तिचे सासरे नंतर कागदपत्रांसाठी माझ्याकडे आले होते. जाता जाता त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, आता आडाचं पाणी कुणी पीत नाही. घरात नळ आलाय. मग कावीळ आली कुठून?"

मला उत्तर देता आले नाही. त्या गावचे रुग्ण मी पंधरा वर्षे तपासत होतो. दर उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर जुलाब-उलट्यांची माणसे यायची. मी सलाईन लावत होतो, गोळ्या देत होतो, पाणी उकळून प्या म्हणून बजावत होतो. पाणी येते कुठून, हे मी प्रत्येकाला विचारीत असे. वापरून झाल्यावर ते जाते कुठे, हे मात्र मी एकदाही विचारले नव्हते. आजचा लेख म्हणजे त्या सासऱ्यांच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

गटार नळात कसे शिरते?

पुढच्या रविवारी मी त्या गावी गेलो. ग्रामसेवक आणि पाणी सोडणारा कर्मचारी असे दोघे बरोबर होते. पहिल्याच गल्लीत उत्तर सापडले. पाण्याला दाब कमी, म्हणून लोकांनी दारापुढे हात-दोन हात खोल खड्डे खणून नळ खाली घेतले होते. पाणी भरून झाले की त्याच खड्ड्यात भांडी घासल्याचे, पाय धुतल्याचे पाणी साचत होते. कित्येक नळांना तोट्याच नव्हत्या. पुढे चौकात व्हॉल्व्हचा चेंबर गटाराच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. आणि शाळेच्या मागे तर घराघरांत गेलेले नळाचे पाइप गटारातूनच आडवे टाकलेले होते.

आता यातले शास्त्र पाहा. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. दिवसातून एखादा तास, कुठे एक दिवसाआड. पाणी चालू असते तेव्हा पाइपमध्ये दाब असतो. पाइपला चीर असली तर पाणी आतून बाहेर उडते, बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होऊ लागतो आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्या चिरेवर गटाराचे पाणी असेल तर तेच आत जाते. बिनतोटीचा नळ घाण पाण्यात बुडालेला असेल तर चिरेचीही गरज नाही. नळाला थेट मोटार जोडणारे तर ही ओढ आणखी वाढवतात. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की रात्रीची ती घाण सर्वांत आधी हंड्यात पडते.

म्हणजे टाकीतले पाणी शुद्ध, टी.सी.एल. पावडर टाकलेले, आणि तरीही घरातला माठ दूषित, असे होऊ शकते. कावीळ, विषमज्वर, पटकी, हगवण, साधी गॅस्ट्रो या सर्वांची वाट हीच. माणसाच्या विष्ठेतून निघालेला जंतू पुन्हा माणसाच्या तोंडात जातो. मधला प्रवास तो पाण्यातून करतो.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ मुख्यतः 'अ' आणि 'ई' या दोन विषाणूंची असते. यांतील 'ई' प्रकार एरवी बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेततो. अशा शंभर स्त्रियांपैकी वीस-पंचवीस दगावू शकतात. लक्षणे दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे रुग्ण येऊ लागतात तेव्हा मूळ घटना लोक विसरून गेलेले असतात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगड नाल्याचे मैलापाणी यमुनेतून पाणी उपसण्याच्या जागी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. राजधानीत जे नाल्याने केले, ते आपल्या गावात दारापुढचे गटार करते.

रोज सहा टँकर

सांडपाणी ही शहरांची अडचण, खेड्यात कसले आले सांडपाणी, असे अनेकांना वाटते. एके काळी ते खरे होते. बाई विहिरीवरून दोन हंडे आणत असे तेव्हा थेंब न् थेंब जपून वापरला जाई आणि मोरीचे पाणी अळूच्या नाहीतर केळीच्या बुंध्याशी जिरे. आता नळ आले, आणि ते आलेच पाहिजेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी असे आहे.

आता हिशेब करू. दीड हजार वस्तीला रोज ८२,५०० लिटर पाणी लागेल. त्यातले ढोबळमानाने सत्तर टक्के वापरून बाहेर पडते, म्हणजे सुमारे ५८,००० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर! रोज सहा टँकर घाण पाणी गावाच्या रस्त्यावर आणून ओतले तर आपण ओतणाऱ्याला मारायला धावू. प्रत्येक घर आपापल्या वाट्याचे दीड-दोनशे लिटर रोज ओतते, म्हणून ते आपल्या डोळ्यांवर येत नाही इतकेच.

दोन पाणी वेगळे ठेवा

घरातून दोन प्रकारचे पाणी निघते. न्हाणी, मोरी, धुणीभांडी यांचे ते सांडपाणी. संडासाचे ते मैलापाणी. सांडपाणी जास्त असते, पण त्यातले जंतू तुलनेने कमी. मैलापाणी थोडे असते, पण रोगजंतूंचे भांडारच. ही दोन्ही एकत्र केली की सगळेच मैलापाणी होते. म्हणून पहिला नियम असा, की दोन्हींची वाट वेगळी ठेवावी.

सांडपाणी तुलनेने सौम्य म्हटले, तरी त्याला एक मोठा अपवाद आहे. तान्ह्या बाळाचे लंगोट आपण मोरीतच धुतो. बाळाच्या शीला वास नाही, म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी ती तिथल्या एका हातपंपाच्या पाण्यामुळे पसरल्याचे दाखवले. पुढे तपासात निघाले, की पंपाच्या विहिरीला लागूनच एका घराचा मैलाखड्डा होता आणि जुलाब झालेल्या एका तान्ह्या बाळाचे लंगोट धुतलेले पाणी त्यात टाकले गेले होते. तेव्हा बाळाची शी आधी संडासात टाकावी, लंगोट धुतलेले पहिले पाणीही संडासातच ओतावे, आणि हात साबणाने धुवावेत.

माती हेच शुद्धीकरण केंद्र

शहरांत सांडपाणी शुद्ध करायला मोठी यंत्रे, विजेच्या मोटारी आणि शिकलेली माणसे लागतात. खेड्याला त्याची गरज नाही, कारण खेड्याकडे जागा आहे आणि माती आहे. मातीच्या वरच्या थरात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. अन्नाचे कण, साबणाचा फेस, तेल-चरबी हे त्यांचे खाद्य. पाणी हळूहळू जमिनीत मुरताना गाळ वर अडतो, सूक्ष्मजीव घाण खाऊन टाकतात आणि बरेचसे रोगजंतू मातीच्या कणांना चिकटून मरून जातात. मात्र यासाठी पाणी एका जागी थोडे आणि सावकाश मिळाले पाहिजे. सगळ्या गावाचे पाणी एका डबक्यात सोडले तर माती गुदमरते, आणि मग काळा चिखल व दुर्गंधी सुरू होते. म्हणून ज्या घरचे पाणी त्या घरच्या अंगणातच जिरवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय.

त्यासाठी शोषखड्डा करावा. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, मध्ये विटांचे तुकडे किंवा डबर, वर जाड खडी भरावी. त्यावर गोणपाट किंवा जाड प्लॅस्टिक पसरून माती टाकावी, म्हणजे वरून उघडे पाणी राहत नाही. मोरीचा पाइप थेट खड्ड्यात सोडू नये. आधी छोटा जाळीचा चेंबर ठेवावा. त्यात खरकटे, केस, राख अडते. हा चेंबर दर आठवड्याला साफ केला नाही तर वर्षा-दोन वर्षांत खड्डा तुंबतो आणि लोक म्हणतात, "योजनाच खोटी." खड्ड्याचा दोष नसतो, दोष खरकट्याचा असतो.

याचीच एक सुधारित पद्धत नांदेड जिल्ह्यात रुळली. खड्ड्याच्या मधोमध सिमेंटची छोटी टाकी ठेवतात. तिच्या वरच्या बाजूला भोके असतात. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचे निवळ पाणी भोकांतून भोवतालच्या दगडांत जाते आणि जिरते. टाकीतला गाळ अधूनमधून काढला की काम झाले. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघड्या गटारांना रजा दिली. शोषखड्ड्याचे काम रोजगार हमीत बसते, हे ग्रामसभेने लक्षात ठेवावे.

दोन पथ्ये पाळा. पिण्याच्या विहिरीपासून, हापशापासून शोषखड्डा किमान पन्नास फूट दूर असावा, आणि घराच्या पायापासून चार-पाच फूट तरी सोडावेत. जिथे पावसाळ्यात हातभर खणले की पाणी लागते, तिथे शोषखड्डा करू नये.

काळी जमीन असेल तर?

आमच्याकडचे शेतकरी लगेच विचारतील, "डॉक्टर, आमची काळी माती पाणी पीतच नाही, तिचे काय?" प्रश्न रास्त आहे. काळी चिकण माती ओली झाली की फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. काही ठिकाणी चार-सहा फुटांखाली मुरूम लागतो. तिथपर्यंत खड्डा नेला की भागते. मुरूम लागत नसेल तर परसबाग करावी. केळी, कर्दळ, अळू, नारळ, शेवगा यांना मोरीचे पाणी मानवते. ही झाडे रोज भरपूर पाणी ओढून घेतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी आळीपाळीने वेगवेगळ्या आळ्यांत सोडावे. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खायच्या वस्तूंना मात्र हे पाणी देऊ नये. जंतांची अंडी पानामुळांना चिकटून ताटात येतात.

दाट गावठाण, अंगणच नाही, अशा आळ्यांसाठी बंद गटार करून ते गावाबाहेरच्या स्थिरीकरण तळ्यात न्यावे. नाव जड आहे, पण काम सोपे. एकापुढे एक दोन-तीन तळी करतात. पहिल्या खोल तळ्यात गाळ बसतो. पुढच्या उथळ तळ्यांत सूर्यप्रकाशात शेवाळ वाढते; शेवाळ प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्मजीव घाण संपवतात. जंतांची अंडी तळाशी बसतात, ऊन बाकीच्या जंतूंचा समाचार घेते. वीज लागत नाही. लागते ती जागा. आपल्या ५८,००० लिटरच्या गावाचे पाणी दहा दिवस थांबवायचे म्हटले आणि खोली सरासरी दीड मीटर धरली, तर नुसत्या पाण्यालाच सुमारे चार गुंठे लागतील, बांध वेगळे. तळ्याला कुंपण हवे, काठावरचे गवत कापलेले हवे आणि जलपर्णी शिरू देता कामा नये, नाहीतर तळे डासांचे माहेरघर होईल. शेवटच्या तळ्यातले पाणी झाडांना, चाऱ्याला द्यावे.

संडासाचे मैलापाणी

त्या रविवारी मला सर्वांत धक्का बसला तो इथे. गावातली बरीच पक्की घरे सेप्टिक टँकची होती, आणि टँकचा बाहेर जाणारा पाइप सरळ गटारात सोडलेला होता. घरमालकांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. "टाकीत सगळं कुजून जातं, बाहेर येतं ते पाणीच," असे एकाने मला समजावले. हा समज फार घातक आहे. सेप्टिक टँकमध्ये जड मैला तळाशी बसतो आणि काही अंशी कुजतो. बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू भरलेले असतात. ते शोषखड्ड्यातच गेले पाहिजे. टँकमधला गाळ दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्यावा. माणसाला आत कधीही उतरवू नये. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे हा गुन्हा आहे.

खेड्यासाठी दोन खड्ड्यांचा संडास अधिक सोयीचा. पाच माणसांच्या घराला सुमारे एक मीटर रुंद आणि तेवढेच खोल असे दोन गोल खड्डे पुरतात. बांधकाम जाळीचे, तळ मातीचा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो साधारण तीन वर्षांत भरतो. मग मधल्या चेंबरमधून वाट बदलून दुसरा सुरू करायचा आणि पहिला किमान दोन वर्षे झाकून ठेवायचा. तोवर पाणी व वायू जमिनीत जिरतात, जंतू मरतात आणि मातीसारखे, वास नसलेले सोनखत हाती येते. घाई मात्र करू नये. जंतांची अंडी चिवट असतात. संडासात अ‍ॅसिड, फिनेल ओतू नये, त्याने कुजवणारे उपयुक्त जीव मरतात. न्हाणीचे पाणीही या खड्ड्यात सोडू नये.

पावडर कुठे टाकावी?

साथ आली की गटाराच्या दोन्ही काठांना टी.सी.एल.च्या पांढऱ्या रेघा मारलेल्या दिसतात. त्याने गावाला धीर येतो, बाकी काही होत नाही. गटारातल्या घाणीतच क्लोरीन खर्ची पडतो. ती पावडर पिण्याच्या टाकीत, मोजून, रोज पडली पाहिजे, आणि गावाच्या शेवटच्या नळाला ओ.टी. चाचणीत पिवळा रंग दिसला पाहिजे. तिथे रंग दिसत नसेल तर वाटेत कुठेतरी घाण आत येते आहे, किंवा पावडर मुळात पडतच नाही, असे समजावे.

डासांबद्दलही एक खुलासा करतो. तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास, तो हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून गटार बुजवल्यावर डेंग्यू गेला असे समजून रांजण, टाक्या उघड्या ठेवू नयेत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावाच.

औषधाच्या चिठ्ठीपलीकडे

हे काम इंजिनिअरचे, डॉक्टरचा त्याच्याशी काय संबंध, असे मलाही वाटत असे. देहू येथे आयुष्य घालवलेले डॉ. सु. वि. मापुसकर आमच्याच पेशातले. रुग्ण तपासता तपासता त्यांच्या लक्षात आले, की औषधाने बरा झालेला माणूस त्याच घाणीमुळे पुन्हा आजारी पडतो. मग त्यांनी संडास आणि संडासाला जोडलेले गोबरगॅससारखे संयंत्र यांसाठी आयुष्य वेचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन जे सांगितले, तेच त्यांनी वैद्यकाच्या भाषेत सांगितले.

त्या गावाने पुढे काय केले? आधी खड्ड्यातले नळ वर घेतले आणि तोट्या बसवल्या. गटारातून गेलेले पाइप उचलून बाजूने नेले. या दोन कामांना फार पैसा लागला नाही. सेप्टिक टँकचे पाइप गटारातून काढण्यावरून मात्र ग्रामसभेत भांडणे झाली, आणि काही घरे अजूनही मानलेली नाहीत. शोषखड्डे शंभराच्या पुढे गेले. त्यांतले काही तुंबले, ते पुन्हा भरले. काविळीचे रुग्ण एखाददुसरे येतात, पण तसा आठवडा पुन्हा आलेला नाही.

वाचकहो, येत्या रविवारी एवढेच करा. आपल्या मोरीत बादलीभर पाणी ओता आणि त्याच्या मागोमाग घराबाहेर चालत जा. ते कुठे थांबते, कुणाच्या दारावरून जाते, कोणत्या नळाला, पाइपला, विहिरीला शिवते, ते स्वतः पाहा. संडासाचा पाइप कुठे उघडतो तेही पाहा. आणि आपल्या आळीत कोणी गरोदर बाई असेल तर तिचे पाणी आजपासून उकळूनच द्या. बाकीची दुरुस्ती होईपर्यंत तिला थांबायला वेळ नसतो.